दगड उलटण्याआधी

विठ्ठला, दगड उलटण्याआधी क्षणभर थांबते. तेवढ्यात तुझ्याशी बोलून घेते.

मार्गशीर्ष आहे. कुरवंड्याच्या वरच्या अंगाला ओढ्यात उभी आहे, पोटऱ्यांएवढ्या पाण्यात. पाय इतके बधिर झालेत की आपले आहेत की नाहीत, कळत नाही. नागफणीचा सुळका उन्हात आलाय, ओढा अजून सावलीत आहे. याच डोंगरातल्या पाण्याची पुढे इंद्रायणी होते. ती लोणावळ्यातून उतरते, कार्ला-कामशेतच्या भातखाचरांजवळून देहूला जाते, आळंदीला जाते, तुळापूरला भीमेला मिळते, आणि भीमा वळणं घेत घेत तुझ्या दाराशी चंद्रभागा होते. वाटेत धरणं आहेत, कालवे आहेत, पंप आहेत, आमची सगळ्यांची तहान आहे. त्यातून एखादा थेंब उरत असेल, तर तो तुझ्या पायांशी येतो. म्हणून म्हटलं, इथूनच हाक मारावी.

मला डोळे दे.

हात हलका दे.

आणि जे दिसेल तेच बोलायची बुद्धी दे.

एवढंच मागायला आले होते. पण तुझ्यासमोर उभं राहिलं की एवढ्यावर भागत नाही, तुला ठाऊक आहे.

असा एखादा दगड बघ. दोन हातांत मावेल एवढा, वरून शेवाळलेला, खालून काळा. मी तो अलगद उचलते, ओढ्याच्या धारेत त्याच्या खाली जाळी धरते, आणि पालथा करते. आधी काही दिसत नाही. ओला दगड, त्यावरून ओघळणारं पाणी. मग दगडाचाच एक तुकडा सरकतो. आडवा सरकतो, खेकड्यासारखा. चपटा, नखाएवढाही नाही, डोळे डोक्याच्या वर, पाय दोन्ही बाजूंना पसरलेले, मागे केसासारख्या तीन शेपट्या. आणि पोटाच्या दोन्ही कडांना पानांसारखे कल्ले, ते सारखे थरथरतात. मेफ्लायचं पिल्लू. पुस्तकात याला ‘डिंभ’ म्हणतात, पण तो शब्द माझ्या जिभेवर कधी बसला नाही. तुडतुड्यांच्या, फुलकिड्यांच्या लहानग्यांना शेतकरी पिल्लं म्हणतात. मीही तोच शब्द घेतला. गावात विचारलं तर म्हणतात, पाण्यातलं किडं. तेही खरंच आहे.

हे पिल्लू तू मला दाखवलंस, विठ्ठला. तिशी उलटेपर्यंत मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते आणि हे मला माहीत नव्हतं. झुरळ कापायचं, बेडूक कापायचा, फळ्यावर हृदयाची आकृती काढायची, एवढ्यावर माझं बरं चाललं होतं. एकदा मुलांना घेऊन सहलीला आले, चप्पल वाहून जाऊ नये म्हणून तिच्यावर ठेवायला दगड उचलला, आणि दगडाला पाय फुटले. त्या दिवसापासून मी वाकलेली आहे. तुझ्यापुढे वाकायला लोक पंढरीपर्यंत चालत जातात, मला तू ओढ्यातच वाकवलंस. त्याबद्दल तुझे उपकार मानते. पाठ दुखते तेव्हाही मानते.

उपकार मान म्हणालास तर किती गोष्टींचे मानू. या पिल्लाचं कुळ सुमारे तीस कोटी वर्षांचं आहे. आणि हा काळा कातळ, ज्याला आम्ही सह्याद्री म्हणतो, ज्याच्यापुढे आमचे गड आणि आमचे राजे कालचे वाटतात, तो लाव्हा ओतला गेला त्याला साडेसहा कोटी वर्षं झाली. म्हणजे ज्या दगडाच्या आडोशाला हे पिल्लू लपतं, तो दगड त्याच्या कुळासमोर धाकटा आहे. हे पहिल्यांदा कळलं त्या रात्री मला झोप आली नव्हती. दगडाखाली कोण राहतं ते मी पाहत होते. दगड कुणाच्या जगात येऊन पडला, हे तू दाखवलंस. भाजे-कार्ल्याची लेणी कोरणारे हात ओढ्यावर पाणी प्यायला वाकले असतील, तेव्हाही त्यांच्या ओंजळीखाली हेच कल्ले थरथरत असतील. त्यांनी पाहिलं नसेल. आमच्यातही फार थोडे पाहतात. तू मात्र इतका काळ रोज पाहतोयस, आणि तुझा एकही दिवस चुकलेला नाही.

मला त्यातला एक दिवस नीट पाहू दे.

ओळखणं सोपं नाही, देवा. तुला सगळी तोंडपाठ आहेत, आम्हाला एकेकाची चौकशी करावी लागते. आधी पाय बघायचा. पायाच्या टोकाला नखी एक की दोन? एक असेल तर मेफ्लाय. दोन असतील तर तो स्टोनफ्लाय, शेजारचं घर. नवीन मुलं शेपट्या मोजतात आणि फसतात. दोन शेपट्या दिसल्या की स्टोनफ्लाय म्हणतात. पण मेफ्लायमध्येही दोन शेपट्यांची पिल्लं असतात, आणि तीन शेपट्यांच्या पिल्लाची एक तुटलेलीही असू शकते. मग कल्ले बघायचे. पानासारखे रुंद आहेत, की झाडाच्या फांदीसारखे दुभंगलेले, की दुसऱ्या जोडीचं झाकण झालंय आणि बाकीचे त्याच्याखाली लपलेत? शरीर चपटं की माशासारखं निमुळतं? चपटं असेल आणि डोळे वरच्या बाजूला असतील, तर हेप्टाजेनिइडी. कल्ले दुभंगलेले असतील, तर बहुतेक लेप्टोफ्लेबिइडी. चौकोनी झाकण असेल, तर सीनिडी. निमुळतं असेल, मिशा लांब असतील आणि हात लावताच मासोळीसारखं सुळकन निसटलं, तर बीटिडी. ही झाली घराण्याची ओळख. पुढे जात आणि त्यापुढे जातीतली जात ठरवायची, तर सूक्ष्मदर्शकाखाली जबडा सोडवायचा, ओठ वेगळा करायचा, त्यावरचे केस मोजायचे, नखीवरचे दात मोजायचे. एका पिल्लाला एक दुपार जाते. कधी दोन.

हे मला मदुराईचे के. जी. शिवरामकृष्णन आणि त्यांच्या पुढच्या पिढीने लिहून ठेवलेल्या तक्त्यांनी शिकवलं. दक्षिणेतल्या डोंगरांमधले ओढे त्यांनी आयुष्यभर चाळले. असं असेल तर पुढच्या ओळीला जा, तसं असेल तर खालच्या ओळीला, अशी जोडी-जोडीची वाट असते ती. मी बोट धरून चालते. पण ती वाट त्यांच्या ओढ्यांमधून आखलेली आहे. कधी कधी माझं मावळातलं पिल्लू दोन ओळींच्या मधोमध उभं राहतं. कल्ले या ओळीसारखे, जबडा त्या ओळीसारखा. अशा वेळी मी काय करते, तुला माहीत आहे. मी दमलेली असते, बाहेर अंधार पडलेला असतो, घरी कुकर लावायचा असतो, आणि माझं मन म्हणतं, बसव कुठेतरी. काय फरक पडतो.

त्या वेळी माझा हात धर. ‘माहीत नाही’ हे दोन शब्द लिहायला मला बळ दे. ते लिहिताना मला शिक्षकपणाची लाज वाटते, ती काढून घे.

चुका थोरांच्याही झाल्या, हे तू मला वाचायला लावलंस तेव्हा जरा धीर आला. पॅरिसचा जोफ्रुआ नावाचा डॉक्टर होता. त्याने 1762 मध्ये एका विचित्र पिल्लाचं वर्णन केलं. त्याच्या पाठीवर असं कवच की कल्ले दिसूच नयेत. पुढे पंडितांनी त्याला कवच पाहून खेकड्या-झिंग्यांच्या गोतावळ्यात टाकलं. ते मेफ्लायचं पिल्लू आहे हे ओळखायला 1871 उजाडावं लागलं. शंभराहून अधिक वर्षं ते बिचारं परक्याच्या घरात नांदलं. त्याने तक्रार केली नाही. ते पाण्यात होतं, कवचाखाली श्वास घेत होतं, तू त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारत असशील आणि तेही ओ देत असेल.

आता जे बोलायला जड जातं ते बोलते.

नाव कळायला मला जीव घ्यावा लागतो.

विठ्ठला, हे तुझ्यापासून कुठे लपवू. पाण्यातलं पिल्लू हलत राहतं, कल्ले थांबत नाहीत, आणि जबड्यावरचे केस जिवंतपणी मोजता येत नाहीत. मी त्याला मऊ चिमट्याने उचलते आणि अल्कोहोलच्या बाटलीत सोडते. ते एकदा वळतं, शेपट्या पसरतात, कल्ले थांबतात. मी बाटलीत कागदाची चिठ्ठी टाकते. पेन्सिलीने लिहिलेली, कारण अल्कोहोलमध्ये शाई उतरते, पेन्सिल राहते. गाव, ओढा, तारीख, पाण्याचं तापमान, गोळा करणाराचं नाव. प्राण्याच्या नावाची जागा रिकामी. माझ्या कपाटात अशा बाटल्यांच्या रांगा आहेत. काहींची जागा वर्षानुवर्षं रिकामी आहे. जीव घेतला आणि नावही दिलं नाही, असं ज्यांच्या बाबतीत झालं, त्यांच्यासाठी आज विशेष क्षमा मागते. माझी आई देवघरातल्या दिव्यावर पाखरू आलं तर दिवा मागे सरकवायची. तिची मी मुलगी. प्रत्येक बाटलीच्या वेळी मला तिचा हात आठवतो.

जेवढी लागतील तेवढीच घेऊ दे. एक पुरेसं असेल तिथे दुसऱ्याकडे माझा चिमटा जाऊ देऊ नकोस.

साडेतीनशे वर्षांपूर्वी हॉलंडमध्ये यान स्वामरडाम नावाचा माणूस होता. नदीकाठच्या मातीत राहणारी याच कुळातली पिल्लं काढून त्याने भिंगाखाली उकलली, आणि 1675 मध्ये त्यांच्यावर पुस्तक छापलं. त्याच्या पुस्तकात आतड्यांचं वर्णन चालू असताना तो मध्येच देवाशी बोलू लागतो. स्वतःची पापं सांगतो, त्या क्षुद्र किड्याच्या चार घटकांच्या आयुष्याशेजारी आपलं आयुष्य ठेवून बघतो, रडतो, आणि पुन्हा सुरी हातात घेतो. चाळिशी ओलांडून जेमतेम तीन वर्षं जगला तो. त्याचा देव वेगळ्या नावाचा होता, पण मला खात्री आहे की हाक तुलाच येऊन पोचली. मी त्याला कधी पाहिलं नाही, त्याची भाषा मला येत नाही, तरी सूक्ष्मदर्शकाशी एकटी बसते तेव्हा शेजारच्या स्टुलावर तो असतो असं वाटतं. त्याला तू शांत ठेव. त्याच्या किड्यांनाही.

आणखी एक आहे. तेच खरं ओझं आहे, विठाई. बाकीचं मी त्याच्याभोवती बोलत होते.

तीन वर्षांपूर्वी असाच मार्गशीर्ष होता. याच ओढ्याला थोडं खाली, वस्तीच्या पाणवठ्याजवळ, मी दगड उलटत होते. धुणं घेऊन एक आजी आल्या. डोक्यावरचं बोचकं उतरवून माझ्याकडे बघत बसल्या. पांढऱ्या ताटलीत पिल्लं पोहत होती, पन्नास-साठ तरी. आजींनी विचारलं, “बाई, ह्ये किडं हायेत म्हंजी पानी वंगाळ का?” मला इतका आनंद झाला, कुणीतरी विचारलं म्हणून. मी म्हटलं, “उलट आहे आजी. हे किडे घाण पाण्यात राहात नाहीत. हे आहेत म्हणजे पाणी चांगलं आहे.” आजी हसल्या. म्हणाल्या, “मंग बरं झालं. पोरं हितलंच पित्यात.”

त्या संध्याकाळी मी ताटलीतली पिल्लं नीट पाहिली असती, तर कळलं असतं. पण मला घाई होती. वर्षाखेरीचा अहवाल द्यायचा होता. मी ‘मेफ्लाय: भरपूर’ असं लिहून मोकळी झाले. कुठली मेफ्लाय, हे पाहिलंच नाही.

देवा, ती सगळी बीटिडी होती. निमुळती, चपळ, काटक. ब्रिटनमध्ये गेल्या शतकात नदीच्या तब्येतीची एक गुणपत्रिका तयार झाली. पाण्यात कोणतं घराणं राहतं, त्यावर दहापैकी गुण. चपट्या हेप्टाजेनिइडीला दहा. दुभंगल्या कल्ल्यांच्या लेप्टोफ्लेबिइडीला दहा. सीनिडीला सात. बीटिडीला चार. कारण पाणी थोडं बिघडलं तरी बीटिडी तग धरतात, कधी कधी वाढतातही. ही गुणपत्रिका मी दर वर्षी मुलांना पाठ करायला लावते. आणि ज्या दिवशी ती खऱ्या माणसासाठी लागली, त्या दिवशी मी चाराला दहा म्हटलं. शिवाय ओढा जिवंत असणं वेगळं आणि त्याचं पाणी उकळल्याशिवाय लेकरांना देण्याजोगं असणं वेगळं, हे साधं वाक्यही मी आजींना सांगितलं नाही. मला बरं उत्तर द्यायचं होतं. बरं उत्तर देणारी बाई मला व्हायचं होतं.

पौषात वस्तीतल्या चार-पाच मुलांना जुलाब लागले. एकाला तालुक्याला न्यावं लागलं, सलाइन लावावं लागलं. ते पाण्यानेच झालं असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पाण्याने झालं नाही, असंही सांगू शकत नाही. मला कळलं तेव्हा मी कपाटातून त्या दिवसाची बाटली काढली आणि भिंगाखाली धरली. एकामागून एक, सगळी एकाच घराण्याची. चपटं एकही नाही. मग ओढ्याने वर चढत गेले, आणि वस्तीच्या वर, करंजाच्या झाडामागे, सुट्टीच्या बंगल्यांच्या सेप्टिक टाकीतून निघालेला पाइप दिसला. त्याच्याखालचे दगड उलटले. लाल धाग्यांसारख्या अळ्या वळवळत होत्या. दहापैकी दोन.

मुलं बरी झाली. ते तू केलंस. त्या पोराच्या हाताला लावलेली सुई, आणि माझ्या हातातली पांढरी ताटली, दोन्ही एकाच वेळी तुला दिसत होत्या. तू मला मारलं नाहीस. तू मला पुन्हा ओढ्यावर पाठवलंस. हे मला मारण्याहून अवघड गेलं.

मी आजींकडे गेले. सांगितलं, माझं चुकलं, मी नीट न पाहता बोलले. आजी तांदूळ पाखडत होत्या. सूप थांबलं नाही. म्हणाल्या, “आता नीट बघत जा.” एवढंच. मग चहा ठेवला. विठाई, त्या वेळी सुपामागे तूच होतीस का? असलीस तर आणि नसलीस तर, ते चार शब्द मी तुझेच म्हणून जपले आहेत.

नीट बघू दे मला. नीट बघू दे. दमले तरी, उशीर झाला तरी, समोरचा माणूस आशेने बघत असला तरी नीट बघू दे.

पाइप बंद झाला. गावाने आवाज उठवला, मीही कागद लिहिले, टाकी उपसली गेली. त्याचं श्रेय माझं नाही. ज्या बायांची लेकरं आजारी पडली त्यांनी ते करून घेतलं. मी फक्त बाटल्या घेऊन मागे उभी होते आणि विचारल्यावर सांगत होते की ह्या बाटलीत काय आहे, त्या बाटलीत काय नाही.

ज्यांना पंख फुटले त्यांच्यासाठीही मागते.

पिल्लू महिनोन्‌महिने पाण्यात वाढतं, पुन्हा पुन्हा कात टाकतं, पाठीवरच्या पंखांच्या कळ्या काळ्या होतात, आणि एका संध्याकाळी ते वर येतं. पाण्याच्या पाठीवर फाटतं आणि त्यातून धुरकट पंखांचं काहीतरी उडून काठावरच्या पानावर बसतं. तिथे ते पुन्हा एकदा कात टाकतं, पंखांसकट. पंख आल्यावर कात टाकणारा दुसरा कीटक आज तुझ्या सृष्टीत नाही. मग पंख काचेसारखे स्वच्छ होतात. आता त्याला खाता येत नाही, तोंड नावापुरतं उरलेलं असतं, पोटात अन्नाऐवजी हवा असते. काही तास, फार तर दोन-तीन दिवस. तेवढ्यात थव्यात नाचायचं, जोडीदार शोधायचा, पाण्यावर अंडी सोडायची आणि संपायचं.

पण तेवढ्या वेळात त्यांना पाणी ओळखायचं असतं, विठ्ठला, आणि आम्ही त्यांना फसवतो. पाण्याच्या चकाकीवरून ती पाणी ओळखतात. हंगेरीतल्या शास्त्रज्ञांनी 1998 मध्ये दाखवून दिलं की कोरडा डांबरी रस्ता त्यांच्या डोळ्यांना पाण्याहून जास्त पाण्यासारखा दिसतो, आणि ती त्यावर अंडी घालतात. इथे आमच्याकडे रस्ता आहे, काळ्या चकचकीत गाड्या आहेत, शनिवार-रविवारी त्यांची रांगच रांग आहे. मी पाहिलंय एकदा, गाडीच्या टपावर अंड्यांचे पिवळसर थेंब. मालक फडक्याने पुसत होता. त्याचा काय दोष. तो मुलांना धबधबा दाखवायला आला होता. मीही तरुणपणी अशीच यायचे, भुशी धरणाच्या पायऱ्यांवर बसून भिजायचे, कणीस खायचे, आणि काठावरच्या पानांकडे कधी बघितलं नाही.

त्यांना खरं पाणी सापडू दे.

आम्हालाही ते खरं ठेवू दे. आळंदीच्या घाटाशी कधी कधी पांढरा फेस तरंगतो. त्यातच वारकरी डोकं बुडवतात, आचमन घेतात, तुझं नाव घेतात. ज्ञानोबांची इंद्रायणी, तुकोबांची इंद्रायणी, आणि तिच्या अंगावर साबणाचा फेस. मी इथे उगमाशी दगड मोजत बसले आहे, तिथवर माझा हात पोचत नाही. मी लहान आहे. माझ्या वाट्याला हा ओढा आला, त्यातले एवढे दगड आले, एवढी जाळी, एवढी ताटली. फेसाचं तू बघ. ज्यांच्या हातात ते आहे त्यांच्या मनात शिर. माझ्या हातात जेवढं आहे तेवढ्याचा हिशेब माझ्याकडून घे, आणि कडक घे.

डोळ्यांचं मात्र जरा बघ. उजव्यात मोतीबिंदू धरतोय म्हणाले. नखीवरचे दात मोजताना पाच की सहा, खात्री होत नाही. कॉलेजातली एक मुलगी आहे, तिची नजर चांगली आहे, आणि तिला कंटाळा येत नाही. परवा मी ‘सहा’ म्हटलं तर ती म्हणाली, “मॅडम, पाच आहेत, सहावा धुळीचा कण आहे.” मला क्षणभर राग आला. मग तुझी आठवण झाली. तिला असंच बोलू दे. मोठ्या माणसांसमोरही असंच बोलू दे. तिला नोकरी लागू दे, पण ओढ्यापासून फार लांब नको.

ऊन खाली उतरलं. आता दगडावर आलंय.

बघते हं.

विठ्ठला.

थांब, श्वास रोखून धरते. हा दगड पाइपाच्या खालचा आहे. तीन वर्षं मी दर महिन्याला इथले दगड उलटते आहे. आधी लाल अळ्या, मग बीटिडी, मग बरेच महिने नुसत्या बीटिडी, गेल्या पावसाळ्यानंतर झाकणवाली दोन. आणि आज हे. डावीकडच्या खाचेत. तांदळाच्या कणीएवढं. चपटं. डोळे वर. आडवं सरकलं. मी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. भिंग लावलं. कल्ले हलताहेत, पानांसारखे. शेपट्या एक, दोन, तीन, तिन्ही शाबूत. नखी एकच.

घराणं सांगता येतं. पुढचं सांगता येत नाही. इतक्या कोवळ्या पिल्लाच्या अंगावर अजून ओळखीच्या खुणा उमटलेल्या नसतात. पूर्ण वाढलेलं मिळालं तरच नाव निघतं. बाटली माझ्या खिशात आहे, चिठ्ठीवर आजची तारीख लिहिलेली आहे. ती तशीच राहू दे.

मी वहीत लिहिते: हेप्टाजेनिइडी, एक, लहान. पुढची जागा रिकामी.

आता दगड आधी होता तसाच, त्याच खाचेत, शेवाळ वर आणि काळी बाजू खाली करून ठेवते. पाणी थोडं गढूळलंय, ते निवळेपर्यंत उभी राहते. याला वाढू दे, विठाई. थंडीभर वाढू दे, वरून काही येऊ देऊ नकोस, माझा पाय चुकून या दगडावर पडू देऊ नकोस. पौषात मी पुन्हा येईन. वाटेत आजींच्या घरी थांबून सांगायचं आहे, एक दिसलं म्हणून. आणि पाणी उकळूनच प्या म्हणून.